विहीर बागेत राहील

चैत्रातल्या शेवटच्या मंगळवारी सकाळी, हातात फडक्यानं झाकलेलं ताट धरून मी एका चौकात उभा होतो आणि कुठल्या रस्त्यानं जायचं ते मला कळत नव्हतं. चारही रस्ते सिमेंटचे, सारख्याच रुंदीचे. चारहींच्या मधोमध तीच कण्हेरीची रांग. ही जमीन माझ्या बापानं कसली, नंतर मी कसली. पूर्वी डोळ्याला फडकं बांधून इथं सोडलं असतं तरी पायाखालच्या ढेकळावरून सांगितलं असतं, हे आमचं, हे चुलत्याचं. आता डोळे उघडे ठेवून चुकलो होतो.

ताटात दहीभाताचे सात मुटके होते, एक लिंबू, हळदकुंकू आणि शेंदराची पुडी. साती आसरांचा निवद. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो. साती आसरा म्हणजे विहिरीच्या काठावर ओळीनं मांडलेले सात दगड. पाण्याच्या बाया. आमच्या घरात वर्षातून एकदा त्यांना दहीभात दाखवतात, म्हणजे पाणी आटत नाही आणि घरातलं कुणी पाण्यात जात नाही. माझी आई दाखवायची, तिच्यानंतर माझी बायको. बाप्या माणसानं कधी तिकडं बघितलं नाही.

बायको कार्तिकात गेली. दवाखान्यात शेवटी शेवटी ती फार बोलत नव्हती. एका दुपारी मी स्टुलावर बसलो होतो, तर म्हणाली, "चैतातला मंगळवार चुकवू नका."

"सून जाईल की."

"सून न्हाई. तुमी जा."

"कुठं जाऊ? विहीर हाय का आता?"

तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली, उठल्यावर विचारू. "बरं, जातो," एवढं मात्र मी म्हणालो होतो, आणि ते तिनं ऐकलं होतं, कारण तिची मान हलली होती. दोन दिवसांनी ती गेली. विचारायचं राहून गेलं. आयुष्यभरात तिनं माझ्याकडं मागितलेल्या गोष्टी मोजायला एका हाताची बोटं पुरतील, आणि ही शेवटची. जाणं तर भाग होतं. जायचं कुठं, हे मेलेल्या माणसाला विचारता येत नाही.

विचारायला मला तोंडही नव्हतं, हेही सांगून टाकतो. ती विहीर मीच बुजवली होती.

आमचं गाव मोशीच्या पुढं, चाकणच्या वाटेला. मुलगा दहावीत होता तेव्हा जमिनीवर नोटिसा आल्या. शहर वाढत होतं, तर इथं आखून-रेखून नवी वस्ती करायची ठरली होती. रुंद रस्ते, शाळेला जागा, दवाखान्याला जागा, बागेला जागा. एक दिवस साहेब आले आणि मारुतीच्या सभामंडपात सतरंजीवर त्यांनी नकाशा पसरला. वाऱ्यानं उडत होता म्हणून चार कोपऱ्यांवर चहाचे चार ग्लास ठेवले. पिवळा रंग घरांचा, हिरवा बागेचा, रस्ते तांबडे. आम्ही पुरुष एकमेकांच्या खांद्यावरून वाकून आपापलं वावर शोधत होतो. सापडत कुणालाच नव्हतं. आमच्या बांधांच्या रेघा त्यात बारीक राखाडी होत्या आणि त्यांच्यावरून नव्या रेघा सरळ गेल्या होत्या, जुन्यांना न विचारता.

बायका खांबाच्या मागं बसल्या होत्या. तिकडून माझ्या बायकोचा आवाज आला, "आमची विहीर कुठं गेली ह्यात?"

सगळे हसले. साहेब भला माणूस होता. त्यानं चष्मा वर केला, गटाचा नंबर विचारला आणि हिरव्या रंगावर बोट ठेवलं. "ही बघा काकू. विहीर बागेत राहील. बागेला पाणी लागतंच की."

ती खाली बसली. घरी येताना म्हणाली, "बागंत ऱ्हाईल म्हणाला. बरं झालं." मला तेव्हा विहिरीचं काही पडलं नव्हतं. मला काळजी होती की उद्यापासून सकाळी उठून मी करायचं काय.

आधी खुंट्या आल्या, डोक्याला लाल रंग लावलेल्या. मग चुन्याची फक्की. उभ्या हरभऱ्यातून पांढरी रेघ गेली ती मी बघितली आहे. मग रस्ते. माणसांच्या आधी रस्ते आले, हे मला त्या वेळी फार विचित्र वाटायचं. एवढे रुंद रस्ते, दोन्ही बाजूला दिव्यांचे खांब, आणि जाणारं कुणी नाही. शेरडं मधोमध रवंथ करत बसायची. बायको त्या रस्त्यावर कुरडया वाळत घालायची. म्हणायची, सिमेंटवर चांगल्या वाळतात. चौकाचौकांत आकड्यांच्या पाट्या लागल्या. आमच्या वावरांना नावं होती. माळवट, बोराटी, कोपरी. आता आकडे आले. मुलाला आकडे पटकन पाठ झाले. मला अजून झालेले नाहीत.

मग काही वर्षं गेली, साहेब बदलला आणि नकाशाही बदलला. कुठलातरी रस्ता सरळ करायचा होता म्हणून बाग रस्त्याच्या पलीकडं सरकली. अलीकडं आमच्या विहिरीवर पिवळा रंग आला. मी कचेरीत गेलो होतो. नवा साहेब म्हणाला, "फेरबदल झालाय, बाबा." मी विचारलं, "म्हणजे?" तो म्हणाला, "म्हणजे फेरबदल." मी घरी आलो. महिनाभर बायकोला सांगितलं नाही.

पिवळ्यावर इमारत बांधायला ठेकेदार आला. त्याला जमिनीची माहिती असलेलं गावातलं माणूस हवं होतं. काळी माती कुठं खोल आहे, मुरूम कुठं लागतो, पावसात कुठं तुंबतं. मला बोलावलं. मी रिकामा होतो, देवळाच्या पारावर बसून कंटाळलो होतो. तिथं पोरं मला मुकादम म्हणायला लागली. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. एक दिवस ठेकेदार म्हणाला, विहीर बुजवायची आहे. मी म्हणालो, बुजवू. माझाच ट्रॅक्टर होता, दारात उभा. तीन दिवस मी मुरुमाच्या खेपा टाकल्या. पहिल्या खेपेला पाण्याचा मोठा आवाज झाला. नंतर होईनासा झाला.

तिसऱ्या दिवशी दुपारी बायको भाकरी घेऊन आली. ढिगाऱ्याकडं बघत उभी राहिली.

"आसरा काढल्या का?"

"कसल्या आसरा?"

"काठावरली दगडं."

"गेली आसतील खाली. एवढ्या राड्यात मी काय दगडं येचत बसू?"

तिनं भाकरीचं फडकं ट्रॅक्टरच्या मडगार्डवर ठेवलं आणि निघून गेली. आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी म्हणाली, "मीठ संपलंय." तिथून पुन्हा बोलणं सुरू झालं. विहिरीचा विषय त्यानंतर तिनं काढला नाही.

पण चैत्रातला मंगळवार तिनं सोडला नाही. आंघोळ करून ताट घेऊन निघायची, तासा-दोन तासांनी परत यायची. मी ओसरीवर बसून टोमणे मारायचो. "दगडं मी बुजवली, आन् तू चारतीस कुणाला? कुत्र्याला?" ती म्हणायची, "आसू द्या." एकदा मी गाडीवर सोडतो म्हणालो तर म्हणाली, "तुमाला न्हाई जमायचं." मीही पुन्हा विचारलं नाही. ती कुठं जाते, हे मला कधीच माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यावं असं वाटलंही नव्हतं.

औंदा मंगळवार जवळ आला तशी मला झोप लागेना. सुनेला सांगितलं तर ती कचरली.

"आबा, आत्यांना वर्ष व्हायचंय अजून. वर्षाच्या आत घरात असलं काही करत नाहीत."

"तिनंच सांगितलंय, चुकवू नका म्हणून."

"मग मी कशी येऊ? आणि ओटी तर बाईनंच भरायची असते."

"ओटी ऱ्हाऊ दे. भात तेवढा कर."

तिनं तांदळाचा डबा उघडला. मग म्हणाली, "सात मुटके करतात ना?" तिनं दही घट्ट लावलं, सकाळी लवकर भात केला, आणि माझ्या बायकोचंच निळ्या काठाचं फडकं शोधून ताटावर घातलं. मुलगा चाकणला कंपनीत सकाळच्या शिफ्टला गेला होता. जाताना म्हणाला, "मोबाईल घेऊन जा, चुकलात तर फोन करा." मी रागावलो. माझ्याच वावरात मी चुकणार?

चुकलो, ते वर सांगितलंच.

तशी मला एक खूण ठाऊक होती. आमच्या विहिरीच्या काठावर मावळतीला तोंड करून उभं राहिलं की डोंगराचं टोक आणि गावातल्या मारुतीचा कळस एका रेघेत यायचे. आता कळस कुठूनच दिसत नाही. डोंगर दिसतो, पण दोन इमारतींच्या फटीतून, तोही सगळ्या फटींतून नाही. मी ताट घेऊन रस्त्यानं मागं-पुढं चालत होतो आणि प्रत्येक फटीशी थांबून बघत होतो. एक बाई कुत्रं फिरवत होती, ती मला बघून पलीकडच्या बाजूला गेली. शेवटी एका फटीत टोक बरोबर मधोमध आलं. कळस मी मनानंच लावून घेतला. त्या रेघेवर एका उंच इमारतीचं गेट होतं. गेटवर वॉचमन. पन्नाशीचा, मराठवाड्याकडचा, बोलण्यावरून कळलं.

"कुणाकडं जायलाव, बाबा?"

"विहिरीकडं."

"कोणती विंग?"

"विंग न्हाई. विहीर. हितं खाली माझी विहीर हाय."

त्यानं ताटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग पुढ्यातल्या वहीकडं. "इथं 'कुणाकडं' असा रकाना हाय. त्यात विहीर कसं लिहू? सेक्रेटरी मलाच कामावरून काढंल."

"मंग काही लिहू नगं."

"न लिहिता सोडलं तरी काढंल." तो हसला. मग एकदम थांबला. "खाली म्हणलाव म्हणून सांगतो. आमच्या लिफ्टच्या खड्ड्यात बारा महिने पाणी येतंय. तीनदा औषध मारलं, सिमेंट भरलं. येतंयच. वर टाकीला टँकर मागवायलेत आन् खाली मोटर लावून तेच पाणी गटारात सोडायलेत."

त्यानं वही मिटली आणि मला तळघरात घेऊन गेला, गाड्या लावतात तिथं. लिफ्टच्या शेजारी जमिनीत एक लोखंडी झाकण होतं. त्यानं ते सरकवलं. खाली काळं पाणी हलत होतं. मी ताट एका गाडीच्या टपावर ठेवून वाकलो. वास आला. ओल्या मुरमाचा आणि शेवाळाचा, उन्हाळ्यात विहिरीत उतरताना नाकाला लागायचा तोच. एवढ्या खेपा टाकल्या होत्या मी.

जागा सापडली असं वाटलं. मग मी झाकणाच्या कडा नीट बघितल्या. कुंकवाचा ठिपका नाही, शेंदूर नाही, भाताचं वाळकं शीत नाही. दरवर्षी येणारं माणूस काहीतरी खूण ठेवतंच.

"माझी बायकू यायची का हितं? बुटकी, हिरवं लुगडं, हातात आसंच ताट."

"ती आज्जी व्हय?" तो सरळ उभा राहिला. "आत नाही आल्या कधी. गेटवर चपला काढायच्या, इमारतीकडं तोंड करून हात जोडायच्या. मला वाटलं मलाच जोडायल्यात, तर मीबी जोडायचो. मग माझ्याकडचं पाणी पिऊन समोर बागेत जायच्या. औंदा दिसल्या नाहीत?"

"कार्तिकात वारली."

त्यानं झाकण हळूच लावलं. आवाज होऊ दिला नाही.

बाग रस्ता ओलांडून समोरच. हिरवळ, पळायची वाट, व्यायामाची लोखंडी यंत्रं. गेटवर पाटी होती, ती मी अक्षर लावून वाचली. पूजेचं साहित्य आणि नैवेद्य बागेत टाकू नये. मी ताट शर्टाआड धरायला गेलो आणि दही शर्टाला लागलं.

आत नारिंगी जाकीट घातलेली एक बाई पाला झाडत होती. पंचेचाळीसच्या आसपासची. तिनं झाडू थांबवला.

"ते फडकं आजींचं हाय."

मी मान हलवली.

"तुमी त्यांचे कोण?"

"मालक."

फडकं माझ्या हातात होतं, त्यातच तिला आजी गेल्याचं कळलं. झाडू टेकवून ती बाकावर बसली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "चला. दाखवते."

पंपाच्या खोलीमागं एक करंज होता. त्याच्या बुंध्याभोवती दगडांचं गोल आळं होतं, बागेत प्रत्येक झाडाला असतं तसं.

"आजींचे दगड ह्यातच."

"कसले दगड? आसरांचे?"

"व्हय."

मी खाली बसलो. "ते तर मी बुजवले. विहिरीत गेले."

"ते मला काय म्हायती न्हाई, बाबा. आजी म्हणायच्या, सायबानं सांगितलं व्हतं, विहीर बागंत ऱ्हाईल. मग बाग सरकली, तर त्यांनी बी ह्यांना सरकवलं. मी कामाला लागले त्याच्या आधीपास्नं हाईत हे हितं."

"मंग शेंदूर का न्हाई ह्यांना?"

"शेंदूर लावला की देव झाला, आन् देव झाला की सुपरवायझर उचलाया लावतो. मागं तिकडं पिंपळाखाली कुणी एक दगड रंगवला, तर महिन्यात त्याच्यावर पत्रा आला, पेटी आली. तवापास्नं लई कडक हाय. आजी टिळा लावायच्या, निवद दाखवायच्या आन् पदरानं टिळा पुसून काढायच्या. बाराही महिने नुसती दगडं."

मी विचार करत होतो आणि विचार लागत नव्हता. त्या दुपारी तिनं मला विचारलं होतं, आसरा काढल्या का. तेव्हा तिनं त्या आधीच उचलल्या होत्या का? मग मला का विचारलं? मी काय म्हणतो ते बघायला? की मी हात झाडल्यावर, मी भाकरी खात होतो तेव्हा, मागच्या बाजूनं ढिगाऱ्यातून एकेक वेचून पदरात बांधून नेल्या? दगड काही हलके नव्हते. हे मला आजपर्यंत सुटलेलं नाही.

"कुठले सात?" मी विचारलं.

"ते ठावं न्हाई. त्या पूजंला बसल्या की मी पाठ करून बसायचे. आमच्यात हे न्हाई. आमी बुद्धाला मानतो, दगडाला हात जोडत न्हाई. त्यांचं त्या करायच्या, माझं मी."

आळ्यात तीसेक दगड होते. मी एकेक बघत फिरलो. त्या विहिरीच्या काठावर मी उभा जन्म बसलो. तिथं बसून भाकरी खाल्ली, तिथं पाय धुतले, मोटारीचा दोर तिथं आवळला. आसरांचा एकही दगड मला ओळखू येईना. शेंदराखाली दगड कसा आहे, हे मी कधी बघितलंच नव्हतं.

बाई कमरेवर हात ठेवून बघत होती. "सगळ्यांना लावा की टिळा. म्हंजे चुकणार न्हाई."

"मुटके सातच हायेत."

"मंग थोडा थोडा द्या."

"कुठल्याबी दगडाला कसा देऊ?" मी ओरडलोच.

"माझ्यावर कशाला खेकसता? विहिरीवर काय डोळं मिटून बसायचा का?" ती म्हणाली. "बसा शोधत. मला पाणी घालायचंय." आणि तिनं पाइप ओढून करंजाच्या आळ्यात सोडला.

दगड भिजले. बहुतेक दगडांनी पाणी पिऊन घेतलं आणि ते काळे पडले. पण माझ्या गुडघ्याजवळच्या एका दगडावर पाणी ठरेना. थेंब थेंब होऊन घरंगळत होतं, अळूच्या पानावर होतं तसं. मी हात लावला. तुळतुळीत. तेल. माझ्या आईनं, तिच्या सासूनं, माझ्या बायकोनं, शेंदूर तेलात कालवून किती वर्षं चोपडला होता. दगडाच्या आत मुरला होता तो. वरचा पुसला गेला, आतला कुठं जातो?

"पाइप हिकडं धर," मी म्हणालो.

तीही वाकली. दगडाला हात जोडत नाही म्हणणारी बाई गुडघ्यावर बसून माझ्यासारखीच दगड चाचपायला लागली. "ह्यो बघा. आन् ह्यो." एकेक सापडत गेला. सहा सापडले. सातवा सापडेना. मी तीनदा आळं फिरलो, तिनं दोनदा. पाणी पार वाटेपर्यंत गेलं. सहाच.

मी सहांना टिळा लावला. ठिपका लांबट झाला. सहा मुटके ठेवले. हात जोडले. काय म्हणायचं असतं ते मला येत नव्हतं. "तिनं पाठवलंय," एवढं म्हणालो.

ताटात एक मुटका राहिला.

"आजी आठ आणायच्या," बाई म्हणाली. "आठवा माझा. निवद दाखवायच्या अगोदर मला द्यायच्या. म्हणायच्या, तुझं पोट रिकामं ठेवून ह्यांना चारलं तर ह्या पाण्यात वढतील मला."

हे मला नवीन होतं. दगडाआधी माणसाला घास देणारी ही माझी बायको मी बघितली नव्हती. "औंदा सातच आणल्यात," मी म्हणालो.

"आसू द्या."

बायको म्हणायची तसंच म्हणाली. मी तिला लिंबू दिलं, दुसरं काही नव्हतं. ती म्हणाली, "लिंबानं काय भुतं पळवू? आणा, सरबत करते."

मी विचारलं, "मंग सातवा मुटका कुठल्या दगडाला ठेवायची?"

"ठेवत न्हवत्या. सहा ठेवायच्या न् उठताना पाखरांना टाकायच्या, ते मला दिसायचं. माझा मला द्यायच्या, आन् एक फडक्यात बांधून परत न्यायच्या. मला वाटायचं, घरी कुणासाठी तरी असंल."

माझा हात ताटावरच राहिला. दरवर्षी त्या मंगळवारी दुपारी माझ्या ताटात दहीभाताचा एक गोळा असायचा. पंगतीत कुणाच्या ताटात नाही, माझ्याच. वाळलेला, उन्हानं आंबलेला. मी दरवर्षी कुरकुर करायचो, हा काय शिळा भात वाढलास. ती म्हणायची, "खावा." मी खायचो.

सातवा दगड तिला मिळालाच नव्हता. तो खरंच खाली गेला होता, माझ्या खेपेबरोबर. त्याचा वाटा ती मला चारत होती. कशासाठी? विहिरीनं मला ओढू नये म्हणून? की बुजवलीत तर आता तुमीच खावा, म्हणून? मी तिचा चेहरा आठवत होतो, ती वाढताना कशी बघायची ते. मला आठवत नव्हतं. मी ताटाकडं बघून जेवणारा माणूस.

टिळे मी फडक्यानं पुसले. बाई म्हणाली, "पुढल्या वक्ताला मी ह्यांना एका बाजूला लावून ठेवते, म्हंजे शोधायला नगं." मी म्हणालो, "नको. तिनं ठेवल्यात तशाच ऱ्हाऊ दे."

मी परत गेटवर आलो. वॉचमन म्हणाला, "सापडलं का?" मी म्हणालो, "झाकण काढ एकदा." तो कुरकुरला, मोटरीत भात अडकंल म्हणाला, पण आला. पाणी मघापेक्षा वर चढलं होतं. मी मुटका पाण्यात सोडला. तो लगेच बुडाला नाही. थोडा फिरला, विरघळत गेला, आणि मग दिसेना. मी बुजवलेल्या विहिरीला काय बोलायचं ते घरून ठरवून आलो नव्हतो. वॉचमन शेजारी उभा होता म्हणून बोललोही नाही.

परतीच्या वाटेला मी पुन्हा एकदा चुकलो. एका चौकात दोनदा आलो. पण मुलाला फोन केला नाही.

घरी आलो तेव्हा बारा वाजून गेले होते. सुनेनं माझ्या शर्टावरचं दही बघितलं, रिकामं ताट बघितलं. पाणी दिलं. मग आत जाऊन म्हणाली, "आबा, थोडा दहीभात उरलाय सकाळचा. वाढू का?"

मी बराच वेळ दारातल्या चपलांकडं बघत बसलो. तिला वाटलं मला ऐकू आलं नाही. तिनं पुन्हा विचारलं.

"वाढ," मी म्हणालो.